मागच्याला दिसावे म्हणून

रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. सोसायटीतल्या गाड्या आपापल्या चौकोनात उभ्या आहेत, आणि त्यातल्या एका जुन्या मारुती एट हंड्रेडच्या पाठीवरचे दोन दिवे लालभडक जळत आहेत. गाडीत कोणी नाही. दारे बंद, किल्ली तिसऱ्या मजल्यावर खुंटीला. पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर ती लाली पसरली आहे आणि मागच्या भिंतीचा चुना गुलाबी दिसतो आहे. कुत्रे फिरवून परतणारा शेजारी थबकतो, काचेतून आत डोकावतो आणि वर तोंड करून हाक मारतो, "काका, गाडीचे मागचे दिवे चालू राहिलेत तुमचे!"

काका बनियनवरच खाली येतात. दिव्यांचा खटका पाहतात, तो बंदच आहे. किल्ली लावून फिरवतात, काढतात. दिवे हटत नाहीत. बोनेट उघडले जाते, मोबाइलचा उजेड धरला जातो, जिन्यातून आणखी दोघे उतरतात. शेवटी कोणाच्या तरी लक्षात येते की हे पार्किंगचे दिवे नव्हेत, ब्रेकचे आहेत. तो खाली वाकून ब्रेकचे पेडल बोटांनी किंचित वर ओढतो. दिवे विझतात. सोडले की लागतात. दुखणे कुठे आहे ते कळते, पण इलाज सकाळपर्यंत थांबणार असतो. म्हणून रात्रीपुरती बॅटरीची एक तार सोडवून ठेवायची आणि झोपायला जायचे.

तार सोडवली नाही तर काय होईल याचा हिशेब सोपा आहे. ब्रेकचा एकेक बल्ब २१ वॉटचा. १२ व्होल्टवर असे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात. एट हंड्रेडची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर दहा तासांचा साठा. वय झालेली बॅटरी एवढा दम धरत नाही. सकाळी किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता टकटक आवाज करतो आणि ऐन निघायच्या वेळी घरातली माणसे गाडी ढकलायला उतरतात. एट हंड्रेड रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ रोजी आणि तिचे उत्पादन थांबले जानेवारी २०१४ मध्ये. त्यामुळे तिच्यातली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता चांगली जाणती झाली आहे. या वयाच्या गाड्यांना मोठी दुखणी कमी आणि अशी बारीकसारीक फार.

हे दुखणे जिथे असते ती जागा अडचणीची आहे. चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या पुढे, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ, डॅशबोर्डच्या पोटात ब्रेकच्या पेडलचा हात वरून टांगलेला असतो. तिथेच एका लोखंडी पट्टीत अंगठ्याएवढा स्विच आट्यांवर बसवलेला असतो. त्याच्या टोकाला एक छोटी दांडी, जिला गॅरेजात प्लंजर म्हणतात. पेडल मोकळे असते तेव्हा त्याचा हात या दांडीला दाबून आत ठेवतो, आणि आतला जोड तुटलेला राहतो. पाय पडला की हात दूर सरकतो, स्प्रिंग दांडीला बाहेर ढकलते, आतले धातूचे ठिपके एकमेकांना भिडतात आणि करंट मागच्या दिव्यांकडे जातो. फ्रिजचे दार उघडल्यावर आत दिवा लागतो तीच ही युक्ती. बहुतेक गाड्यांत या स्विचला वीज फ्यूजमधून थेट बॅटरीकडून मिळते, किल्ली चालू असो वा नसो. बंद पडलेली गाडी उतारावर घरंगळत न्यायची वेळ आली तरी ती थांबते आहे हे मागच्याला कळले पाहिजे, म्हणून ही सोय. त्याच सोयीची किंमत म्हणजे रात्रभर जळलेले दिवे.

मोटारीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू चालवणाऱ्याच्या कामाची असते. वायपर त्याला समोरचे दिसावे म्हणून, हेडलाइट त्याच्या वाटेसाठी, आरसे त्याच्या डोळ्यांसाठी, काटे त्याच्या हिशेबासाठी. ब्रेकचा दिवा मात्र ज्याच्या गाडीवर आहे त्याला गाडी चालवताना कधी दिसत नाही. माणूस वीस वर्षे एकच गाडी चालवतो, लाखो वेळा पेडल दाबतो, आणि त्या प्रत्येक दाबण्यातून उमटलेला उजेड दुसऱ्याच कोणाच्या तरी डोळ्यांत पडलेला असतो. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर तो बिघडल्याची खूणही उमटत नाही.

म्हणूनच हा बिघाड नेहमी परक्याच्या तोंडून कळतो. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेला रिक्षावाला काचेवर बोटाने टकटक करतो, "दादा, ब्रेक लाइट लागत नाही तुमचा." स्कूटरवरच्या बाई पुढे येऊन हातवारे करतात, आणि आत बसलेल्याला आधी वाटते की काही चूक झाली. कधी हवालदार सांगतो, कधी पेट्रोल भरणारा मुलगा. सांगणाऱ्याचा यात काही फायदा नसतो. तो पुढच्या चौकात वळणार असतो, पुन्हा भेटणार नसतो. त्याने थोड्या अंतरापुरता या गाडीमागे प्रवास केला, ती न सांगता थांबते हे त्याने अनुभवले, आणि आपल्यामागून येणाऱ्याला तसे होऊ नये म्हणून तो दोन शब्द बोलला. शहरातल्या रस्त्यावर माणसे एकमेकांशी रागाने पुष्कळ बोलतात. या एका बिघाडापायी ती मायेनेही बोलतात.

बिघाडाच्या दोन तऱ्हा. एकीत दिवा विझतच नाही, दुसरीत लागतच नाही. पहिली रात्री उघडी पडते, कारण उभी गाडी जळताना दिसते. दुसरी महिनोन्‌महिने लपून राहू शकते. वरवर पाहता दुसरी घातक आणि पहिली नुसती खर्चाची वाटते. पण सतत पेटलेला दिवाही मागच्याला काही सांगत नाही. तासभर अशा गाडीमागे चालवले की डोळा त्या लालीला सरावतो, आणि खरोखर ब्रेक लागतो त्या क्षणी उजेडात काहीही बदललेले नसते.

हा दिवा नव्हता तेव्हा त्याचे काम हात करत असे. आपल्याकडच्या १९८९ च्या रस्ते-नियमांत त्या हाताची पद्धतशीर नोंद होती. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून, तळवा खाली करून वर-खाली हलवावा. थांबायचे असेल तर कोपरापासूनचा हात खिडकीबाहेर उभा धरावा. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत मागे बसून शहर पाहिलेल्यांना हा हात आठवत असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या पद्मिनीच्या खिडकीवर कोपर टेकवलेला, खाकी बाहीतला, दिवा चालू असो-नसो, सवयीने खाली-वर होणारा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली ती ऑक्टोबर २००३ मध्ये, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आता काचा बंद असतात, आत गार हवा असते, आणि बाहेर हात काढणारा वेडा ठरेल.

हाताच्या जागी यंत्र आणण्याचा एक जुना प्रयत्न एका अभिनेत्रीच्या नावावर सांगतात. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही मूकपटांच्या काळातली, कॅनडात जन्मलेली नटी. अमेरिकेत तिचे नाव घरोघरी होते आणि मोटार चालवण्याचा तिला छंद होता. १९१४ च्या सुमारास तिने अशी जुळणी केली की ब्रेक दाबला की गाडीच्या मागे थांबण्याची सूचना देणारी पाटी वर यावी. तिने त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे विजेचे दिवे आले, कारखान्यांनी आपापल्या पद्धती बसवल्या आणि तिचे नाव मागे पडले. १९३८ मध्ये ती गेली. पडद्यावर स्वतः दिसणे हाच जिचा व्यवसाय होता, तिला गाडीत बसल्यावर मागच्याला काय दिसते आहे याची काळजी वाटावी, ही गोष्ट मनात रेंगाळते.

दिवे आल्यानंतरही स्विच लगेच पेडलजवळ आला नाही. विलीज जीपमध्ये, जी चाळीसच्या दशकाअखेर महिंद्रने मुंबईत जोडायला घेतली, तो ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्येच पिळून बसवलेला असे. पेडल दाबले की तेलाचा दाब वाढायचा, तो दाब आतल्या पडद्याला ढकलायचा आणि दिवा लागायचा. कल्पना चोख होती, पण तेलाने दाब धरेपर्यंत दिवा थांबून राही. हलक्या पायाने ब्रेक लावणाऱ्याची गाडी मागच्याला न कळवताच मंद होई. वर पडदा जुना झाला की तेल झिरपून ठिपक्यांपर्यंत पोचे. असा स्विच बदलायचा म्हणजे ब्रेकचे तेल सांडणार, हवा शिरणार, आणि मग एकाने आत बसून पेडल मारत राहायचे आणि दुसऱ्याने चाकाखाली झोपून हवा काढायची. पेडलजवळच्या स्विचने या कटकटीतून सुटका केली. तो पाय हलताक्षणी बोलतो आणि बदलताना तेलाचा थेंब सांडत नाही.

झिजणे मात्र त्यालाही चुकलेले नाही. थंड बल्बच्या तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे दिवा लागतानाच्या पहिल्या क्षणी नेहमीच्या सुमारे दहापट करंट धावतो. तो सगळा त्या चिमुकल्या ठिपक्यांमधून जातो. सुटताना ठिणगी उडते. गर्दीच्या वेळी शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना पाय किती वेळा ब्रेकवर जातो याची मोजदाद कोणी ठेवत नाही, स्विच ठेवतो. वर्षांनी ठिपक्यांवर काजळी धरते, खड्डे पडतात, विरोध वाढतो, प्लॅस्टिकचे अंग तापते आणि दांडी अडकू लागते. मग दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. दोनदा पेडल मारले की लागतो. हाच तो काळ, जेव्हा मालक गाडी गॅरेजला नेतो आणि तिथे ती अगदी शहाण्यासारखी वागते.

जपानी आणि कोरियन बनावटीच्या अनेक जुन्या गाड्यांत आणखी एक गंमतीचा बिघाड भेटतो. पेडलच्या हाताला जिथे दांडी टेकते तिथे एक भोक असते, आणि त्यात शर्टाच्या गुंडीएवढा प्लॅस्टिकचा किंवा रबरी तुकडा बसवलेला असतो. दांडी त्या तुकड्यावर टेकते. पंधरा-वीस उन्हाळे खाल्ल्यावर तो ठिसूळ होतो आणि एक दिवस भुगा होऊन पायदानावर पडतो. आता दांडी सरळ भोकातून आरपार जाते, तिला दाबायला काही उरत नाही आणि दिवे कायमचे पेटतात. स्विच धडधाकट असतो. जाणकार मिस्त्री म्हणून स्विच बघण्याआधी चटई बघतो. तिच्यावर निळसर किंवा पिवळट खडीसाखरेसारखे कण सापडले की त्याचे निदान झालेले असते. नवा तुकडा मिळेपर्यंत त्या भोकात छोटा नटबोल्ट कसून गाडी घरी नेण्याची रीत जगभरच्या मिस्त्रींना स्वतंत्रपणे सुचलेली आहे.

निदानाची प्रत्येकाची आपली पद्धत असते. दिवा लागतच नसेल तर पुष्कळ मिस्त्री आधी म्हणतात, "हॉर्न वाजवा बरं." ऐकणारा गोंधळतो. पण काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर असतात. हॉर्न वाजला तर फ्यूज शाबूत. मग मागचे बल्ब काढून काचेतून तारा पाहायच्या, कारण दोन्ही बल्ब गेलेले असतात आणि एक आधी गेलेला कोणाला कळलेलाच नसतो, असेही घडते. तेही ठीक निघाले की मिस्त्री चपला काढतो, चालकाच्या दारातून आत पाठ टाकतो, डोके पेडलखाली नेतो, पाय बाहेर रस्त्यावर. तोंडात टॉर्च धरलेला. वरून धूळ, जळमट आणि गंज डोळ्यांत पडतो. तो चाचपडत स्विचचा कपलर ओढून काढतो आणि तारेच्या तुकड्याने त्याची दोन टोके जोडतो. बाहेरून आवाज येतो, "लागला!" म्हणजे वायरिंग चांगले, बल्ब चांगले, गुन्हेगार सापडला. उलट दिवा विझत नसेल तर कपलर नुसता काढायचा. विझला तर दोष स्विचचा किंवा त्याच्या बसण्याचा, न विझला तर पुढे कुठे तरी तारा आपापसांत भिडल्या आहेत.

काढलेला स्विच हातात घेऊन दांडी अंगठ्याने दाबून पाहण्यात वेगळे समाधान आहे. वर्षानुवर्षे अंधारात राहिलेली ही वस्तू पहिल्यांदाच उजेडात आलेली असते. चांगली दांडी सरकन आत जाते आणि तितक्याच चपळाईने परत येते. थकलेली अर्ध्यावर रेंगाळते. मीटर लावला की खात्री होते. दांडी बाहेर असताना विरोध शून्याजवळ हवा, आत दाबल्यावर जोड पुरता तुटायला हवा. जुने कारागीर अशा स्विचचे डबीबंद अंग उघडून, ठिपके बारीक पॉलिश पेपरने घासून, पुन्हा बंद करून देत. आता ते कोणी फारसे करत नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत न केलेलेच बरे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आसपास स्पेअर पार्टची दुकाने आहेत. जुना स्विच नमुना म्हणून काउंटरवर ठेवला की दुकानदार तो फिरवून बघतो, आटे बघतो, पिना मोजतो आणि मागच्या फळीवरून जोडीदार काढून देतो. "कंपनीचा देऊ की लोकल?" हा प्रश्न ठरलेला. दोघांतला फरक एका नाश्त्याच्या पैशांएवढा असतो.

एवढ्याशा वस्तूने मोठमोठ्या कारखान्यांना गुडघ्यांवर आणल्याची उदाहरणे आहेत. एप्रिल २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत या एका स्विचसाठी १६ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. २०१९ मध्ये सुबारूने जगभरातल्या सुमारे २२ लाख गाड्या बोलावल्या, आणि त्यामागचे कारण वाचून थक्क व्हायला होते. गाडीच्या पॉलिशमधून, कपडे मऊ करणाऱ्या द्रवातून, सौंदर्यप्रसाधनांतून सिलिकॉनची वाफ सुटते. ती स्विचच्या आत शिरून ठिपक्यांवर थर धरत होती, आणि त्या थरातून वीज जाईना. गाडी चमकावी, कपडे सुवासिक राहावेत म्हणून वापरलेल्या वस्तू मागच्याला दिसणारा दिवा विझवत होत्या. फोर्डची गोष्ट याहून भयंकर. तिथे क्रूझ कंट्रोल बंद करणारा, ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणारा स्विच गाडी बंद असतानाही विजेला जोडलेला राही. आतला पातळ पडदा फाटून तेल विजेच्या बाजूला उतरे आणि अंगणात उभ्या गाड्या पेट घेत. त्या स्विचपायी एक दशकभर टप्प्याटप्प्याने एक कोटीहून अधिक गाड्या परत बोलावण्यात आल्या.

नव्या गाड्यांत स्विचवरचा भार आणखी वाढला आहे. त्यात दोन जोड असतात, एक जुळतो तेव्हा दुसरा तुटतो, आणि गाडीचा संगणक दोघांची साक्ष ताडून पाहतो. साक्ष जुळली नाही की डॅशबोर्डवर पिवळी खूण उमटते. बटणाने सुरू होणारी गाडी या स्विचने पाय पडल्याचे सांगितल्याशिवाय जागी होत नाही, ऑटोमॅटिकची दांडी जागची हलत नाही. त्यामुळे आता बिघाड झाला की त्रास आधी मालकाला होतो आणि तो धावत गॅरेज गाठतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच. पण एट हंड्रेडच्या पिढीतल्या स्विचला मालकाला असे अडवता येत नाही. त्याच्या मागे फक्त रस्त्यावरच्या माणसांची नजर आहे.

त्या नजरेचा अभ्यास १९७४ साली जॉन व्होव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर केला. ३४३ टॅक्सींच्या मागे मधोमध एक जादा दिवा लावला, १६० तशाच ठेवल्या आणि दहा महिने वाट पाहिली. दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या. १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक मोटारीला हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे सगळ्याच गाड्यांवर तो आला, डोळे सरावले, आणि सरकारी अभ्यासात त्याचा दीर्घकाळचा फायदा ४.३ टक्के एवढाच उरल्याचे दिसले. आकडा उतरला तरी त्यामागे न घडलेले असंख्य अपघात आहेत. आपल्याकडेही पुष्कळांनी जुन्या गाडीच्या मागच्या काचेत असा दिवा बाजारातून आणून हौसेने बसवून घेतला. त्यातही एलईडीचा असेल तर तो साध्या बल्बपेक्षा सेकंदाचा साधारण पाचवा भाग लवकर पूर्ण उजळतो. ताशी ९० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात पाच मीटर पुढे आलेली असते.

पाच मीटरची खरी किंमत घाटात कळते. जुलैत आंबोलीत किंवा ताम्हिणीत धुके असे उतरते की रस्त्याची कड, दरीचा कठडा, मैलाचा दगड, काही दिसत नाही. दिसतात ते पुढच्या गाडीचे दोन लाल ठिपके. ते गडद झाले की मागचा पाय उचलतो, त्याचे गडद झाले की त्याच्या मागचा. एका अनोळखी पायाचा निर्णय असा ओळीने पाचपंचवीस गाड्यांपर्यंत उतरत जातो. या ओळीत एखादा दिवा मुका असला की साखळी तिथे तुटते. सपाटीवरही हीच भीती वेगळ्या रूपात आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. मागे दिवा नसतो, असला तर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला. पोलीस आणि साखर कारखाने ट्रॉल्यांना, बैलगाड्यांनाही परावर्तकाच्या पट्ट्या लावतात ते यासाठीच. ट्रकवाल्यांनी तर आपली पाठ पूर्वीपासून मागच्यासाठी राखून ठेवली. तिच्यावर देवाचे नाव, मुलांची नावे, शेरोशायरी आणि हॉर्नची विनंती. ती विनंती लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, कारण तिने विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते असे सरकारचे म्हणणे होते. बाकीचा मजकूर अजून तसाच आहे.

नवा स्विच बसवताना घाई चालत नाही. आटे हाताने पिळत न्यायचे, पेडल आपल्याकडे ओढून धरायचे, आणि स्विचच्या आट्यांचे टोक व पेडलचा हात यांच्यात अर्ध्या ते एक मिलिमीटरची फट ठेवायची. हाताशी फिलर गेज नसेल तर मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा त्या फटीत घालून बघतो. फट जास्त राहिली तर दिवा विझणार नाही. स्विच जास्तच आत गेला तर दिवा वेळेवर विझेल, पण स्विच पेडलला ढकलत राहील, पेडल पुरते वर येणार नाही, मास्टर सिलिंडर तेल परत घेणार नाही आणि ब्रेक चाकाला चिकटून राहतील. दहा किलोमीटरवर ड्रम भाजून निघेल. म्हणून स्विचला जागी जखडणारा चेक नट आवळताना स्विच पुन्हा फिरू नये यासाठी तो दुसऱ्या हाताने घट्ट धरावा लागतो, आणि त्या सांदीत दोन हात एकदम जात नाहीत. इथे अनुभव लागतो, आणि बोटांचे सालपट जाण्याची तयारी.

मग तपासणी. तिला दोन माणसे लागतात. एरवी मिस्त्रीचा मदतनीस मागे उभा राहतो. तो चहा आणायला गेला असेल तर मिस्त्री आत बसतो आणि गाडीमालकाला मागे पाठवतो. इतकी वर्षे स्टिअरिंगमागे काढलेला माणूस डिकीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

"लागला?"

"लागला."

"आता?"

"गेला."

"हळू दाबतो. सांगा कधी लागतो ते."

पेडल जेमतेम हलते आणि लाली उमटते. मालक थोडा मागे सरकतो, डोळे बारीक करतो, उन्हाला हाताची आड करून पुन्हा बघतो.

"लागतोय. पण उजव्यापेक्षा डावा मंद आहे. आधीपासून असेल का हो असा?"

मिस्त्री दार उघडून बाहेर येतो, डिकीचे झाकण उचलतो, दिव्याच्या मागची गंजलेली होल्डरची पट्टी नखाने खरवडतो. "अर्थिंग गेलंय," तो म्हणतो, आणि पॉलिश पेपर मागतो.